जबड्यात बसवायला कमरेच्या हाडाचा तुकडा काढल्यावर घ्यायची काळजी

तोंडापेक्षा कंबरच जास्त दुखते, हे आधीच माहीत असू द्या. कमरेच्या हाडाच्या पुढच्या कडेवरचे स्नायू सोडवलेले असतात, म्हणून पहिले काही दिवस लंगडायला होतं. बहुधा दुसऱ्या दिवशीच चालवतात. काठी दुखऱ्या बाजूला नाही, विरुद्ध हातात धरा. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. मिरजेहून एसटीने गावी जाणार असाल तर पायरी उंच असते. गाडी केलेली बरी.

परकराची किंवा लेंग्याची नाडी नेमकी जखमेवर येते आणि घासते. पहिले दोन आठवडे सैल गाऊन किंवा लुंगी वापरा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. उकिडवं बसणं, घागर किंवा उसाची मोळी उचलणं सहा आठवडे बंद. कड कमकुवत झालेली असते आणि तिथले स्नायू जोरात ओढले गेले तर पुढचं टोक तुटू शकतं. अचानक ‘कट्’ झालं आणि पाय टेकवेना, तर चालून बघू नका, एक्स-रे काढा.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा जळजळ ही त्वचेच्या नसेला ताण बसल्याने होते. बहुतेकदा काही महिन्यांत ओसरते. वाढती सूज, पू, ताप किंवा पोटरी दुखून सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तोंडात मिश्री, तंबाखू अजिबात नको; त्याने कलम (जबड्यात बसवलेलं हाड) सडू शकतं. मऊ भात, पातळ वरण खा. कवळी डॉक्टरांना विचारूनच घाला.