एमबीएच्या प्लेसमेंटचे आकडे कसे वाचावेत

राज्याच्या एमबीए सीईटीचा निकाल लागला की कॅप फेरीचे (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे) महाविद्यालयांचे पर्याय भरण्याची घाई सुरू होते आणि त्या घाईत बहुतेक विद्यार्थी माहितीपत्रकातील दोनच आकडे पाहतात, सर्वाधिक पॅकेज आणि प्लेसमेंटची टक्केवारी. पुण्यातून एमबीए केल्यानंतर मी काही वर्षे एका वित्तसंस्थेच्या वतीने कॅम्पसवर मुलाखती घेतल्या. त्या अनुभवावरून सांगतो की या दोन आकड्यांतून आपल्या वाट्याला काय येईल हे जवळजवळ कळत नाही.

सर्वाधिक पॅकेज हे एकाचेच असते. टक्केवारीचे तसे नाही, तिची खरी मेख छेदात असते. प्लेसमेंट सेल अनेकदा फक्त ‘पात्र’ विद्यार्थी मोजतो. ज्यांचा विषय राहिला, हजेरी भरली नाही किंवा ज्यांनी घरचा व्यवसाय पाहायचा म्हणून नावच नोंदवले नाही, ते आधीच वगळलेले असतात. समजा 120 जणांनी प्रवेश घेतला, 70 पात्र ठरले आणि 63 जणांना नोकरी मिळाली, तर पत्रकात 90 टक्के छापले जाते, पण प्रवेश घेतलेल्यांच्या हिशेबाने ते प्रमाण 52.5 टक्केच भरते.

हा हिशेब स्वतः करता येतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांनी भरलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर असते. तीत प्रवेश घेतलेले, मुदतीत उत्तीर्ण झालेले, नोकरी मिळालेले आणि पुढील शिक्षणास गेलेले विद्यार्थी वेगवेगळ्या रकान्यांत दिसतात. शिवाय पगाराचा मध्यकही, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, दिलेला असतो. दोन-चार मोठ्या पगारांनी मध्यक सरासरीसारखा फुगत नाही, मात्र तोही नोकरी मिळालेल्यांचाच असतो, हे विसरू नये. ही माहिती संस्थेनेच भरलेली असल्याने सलग तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चात, मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, मूळ पगाराच्या सुमारे 4.81 टक्के धरली जाणारी ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि लक्ष्य गाठल्यासच मिळणारी रक्कम असे बरेच काही मिळवलेले असते.

माझ्या मते पगारापेक्षाही कामाचे स्वरूप अधिक तपासावे. फायनान्स घेतलेले अनेक जण पहिल्या वर्षी कर्ज, विमा किंवा बचत खाती विकतात आणि नियुक्तिपत्रावर हुद्दा ‘रिलेशनशिप मॅनेजर’ असतो. हे काम कमी दर्जाचे मुळीच नाही. ग्राहकासमोर बसून शिकलेले पुढे कर्जमंजुरीच्या टेबलावरही उपयोगी पडते. पण ज्याला विश्लेषणाचेच काम हवे आहे, त्याने दुसऱ्या सत्रानंतरची समर इंटर्नशिप त्याच क्षेत्रात मिळवण्यासाठी पहिल्या सत्रापासूनच खटपट करावी, कारण मुलाखतीत आम्ही सर्वांत जास्त प्रश्न त्याच दोन महिन्यांवर विचारत असू आणि केवळ प्रमाणपत्रापुरती केलेली इंटर्नशिप तिसऱ्या प्रश्नाला उघडी पडत असे.

पर्याय भरण्याआधी त्या महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तीन-चार जणांना लिंक्डइनवर गाठून, पहिली नोकरी किती महिने टिकली आणि का सोडली, एवढे अवश्य विचारावे.