गोठ्यामागे उभा असलेला बी-२७५ पुन्हा सुरू करताना

वर्षानुवर्षं उभा राहिलेला महिंद्रा बी-२७५ किंवा त्याच पिढीचा डिझेल ट्रॅक्टर हाती आला, की नवी बॅटरी लावून सेल्फ (स्टार्टर) मारायचा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचा मोह होतो. दोन्ही नको. पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंजून चिकटलेल्या असतात, व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेले असतात. जोर लावला की रिंग तुटते, पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी) वाकतो.

आधी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट हळूहळू ढिला करा. पाणी असेल तर ऑइलच्या आधी तेच येतं. चमचाभर आलं तर ते दमटपणाचं. लिटरभर निघालं आणि उघड्या सायलेन्सरमधून पाऊस शिरलेला नसेल, तर लायनरचे सील किंवा हेड गॅस्केट गेलंय; पुढचं थांबवून हेड उतरवा.

आता चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) निम्मं-निम्मं मिळून ५० मिली ओता. दोन-तीन दिवस मुरू द्या, मधे एकदा पुन्हा ओता. मग गिअर न्यूट्रलला टाकून सेल्फ उतरवा आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी (लोखंडी पहार) अडकवून दोन दाते पुढे, दोन मागे असं हलवत राहा. सुटलं म्हणून लगेच गरागरा फिरवू नका. रॉकर कव्हर काढून दोन पूर्ण फेऱ्यांत आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतात का ते बघा. एखादा खालीच राहिला तर दांड्यावर रॉकेल सोडा (हल्ली ते मिळणं मुश्किल, डिझेलही चालतं) आणि नायलॉनच्या हातोडीनं हलके टोले द्या.

टाकीतलं जुनं डिझेल फेकायचंच. तळाचा काळा गाळ निघेपर्यंत टाकी धुवा, फिल्टर नवे घाला. नोझल पंपवाल्याकडून तपासून घ्या आणि बसवताना तांब्याचे वॉशर नवेच वापरा. एअर क्लिनर आणि सायलेन्सरमध्ये उंदराचं घरटं हमखास सापडतं.

खरा धोका डिझेलच्या पंपात असतो. इनलाइन पंपाचं बाजूचं झाकण उघडून रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) बोटानं सहज सरकतो का पाहा. तो फुल डिझेलवर अडकला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम पळतं आणि स्टॉपर (इंजिन बंद करायची दोरी) ओढूनही बंद होत नाही. म्हणून पहिल्या वेळी एअर क्लिनरचा पाइप काढून ठेवा आणि इनटेकच्या (हवा आत जाण्याच्या) तोंडापेक्षा मोठी, जाड फळी घेऊन एक माणूस शेजारी उभा करा. हात लावून तोंड बंद करायचं नाही.

नवं १५डब्ल्यू-४० ऑइल खुणेपर्यंत भरा, ऑइल फिल्टर बदला, रेडिएटरमध्ये पाणी घाला. नोझल बसवण्याआधी सेल्फ परत लावून, स्टॉपर ओढून १५-१५ सेकंद फिरवा. मधे मिनिटभर थांबा. उरलेलं डिझेल भोकांतून उडेल, तेव्हा तोंड लांब ठेवा. ऑइल प्रेशरचा काटा उठला आणि रॉकरवर ऑइल आलं की मगच नोझल लावा.

डिझेलच्या नळ्यांतली हवा काढताना क्रम चुकवू नका: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे नट. फीड पंपाची (हातानं डिझेल पुढे ढकलायच्या पंपाची) खटकी सैल लागली तर त्याला चालवणारा कॅम उंचावर आहे. इंजिन थोडं फिरवा. नटांतून बुडबुडे थांबले की कसा.

थंड इंजिन सुरू व्हायला मदत करणारा हीटर तापवून सेल्फ मारा. इनटेकला पेट्रोलचा बोळा किंवा ईथरचा स्प्रे अजिबात नको; तापल्या हीटरवर स्फोट होतो. सुरू झाल्यावर दहा सेकंदांत ऑइलचा काटा उठला नाही तर लगेच बंद करा. पांढरा धूर थांबेना तर एकेका नोझलचा नट ढिला करा. ज्यानं आवाज बदलत नाही तो सिलिंडर मार खातोय (नीट पेटत नाही). निळा धूर रिंगांचा. तो दोन-चार तास लोडवर चालवल्यावर कधी कमी होतो, कधी नाही. पाच-सहा तास चालल्यावर ऑइल पुन्हा बदला.