पिकअपवरचं घर: या चुका वर्कशॉपमध्येच टाळा

फोर-बाय-फोर पिकअपच्या हौद्यावर स्वतः घर बांधून बारमाही त्यात राहायचं ठरलं, की कागदावर पहिल्यांदा पलंग उमटतो, मग ओटा, मग खिडक्या. गाडीचा विचार शेवटी होतो. ओटा काय, नंतरही हलवता येतो. चासी वाकली तर हिमाचलमधल्या काझाच्या वाटेवर ती सरळ करून देणारा कोणी भेटत नाही. म्हणून इथे आधी रस्त्यावर न सुधारता येणाऱ्या चुका घेतल्या आहेत आणि पान्याने सुटणाऱ्या मागे ठेवल्या आहेत.

वजन अंदाजाने धरणं

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि जीव्हीडब्ल्यू, म्हणजे भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. दोघांची वजाबाकी हे तुमचं भांडवल. घराचा खोका, पाणी, बॅटरी, भांडीकुंडी, हत्यारं, कपडे आणि तुम्ही स्वतः, सगळं त्यातच बसवायचं. ऐषारामी पिकअपमध्ये ही वजाबाकी बऱ्याचदा धक्कादायक छोटी निघते. साध्या, मालवाहू नोंदणीच्या पिकअपमध्ये ती कितीतरी मोठी असते. गाडी विकत घेण्याआधी हा आकडा बघायचा असतो, फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स दिल्यावर नाही.

वजन कुठून चढतं ते पाहा. २५ बाय २५ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला साधारण १.४ किलो भरतो, त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा अर्धा किलो. सांगाड्याला ६० मीटर पाइप लागला तर ८६ किलो की ३० किलो, एवढा फरक पडतो. आठ बाय चारचा १८ मिलिमीटर प्लायचा एक ताव ३५ किलोच्या आसपास असतो. आपला सुतार सवयीने कपाटाला १८ मिलिमीटरच वापरतो, कारण घरी तेच वापरतात. इथे कपाटाच्या बाजूंना ९ मिलिमीटर पुरतं, दारांना ६. पाण्याच्या ८० लिटरच्या टाकीचे ८० किलो. २०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी ६० किलोच्या घरात जाते आणि तिची निम्मीच क्षमता सुखाने वापरता येते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम फॉस्फेट बॅटरी २५ किलोच्या आत राहते आणि ८० टक्के वापरू देते.

काम सुरू करण्याआधी, सांगाडा झाल्यावर आणि प्रवासाला पूर्ण भरल्यावर असं तीनदा वजनकाट्यावर जा. दरवेळी आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, मग अख्खी गाडी. एकूण वजन मर्यादेत पण मागचा आस (ॲक्सल) मर्यादेबाहेर, ही सगळ्यात जास्त आढळणारी अवस्था आहे.

तिचं कारण बहुतेकदा शेपटीला टांगलेलं सामान असतं. स्टेपनी आणि दोन जेरीकॅन मिळून ८० किलो मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे लटकवले आणि चाकांमधलं अंतर ३.१ मीटर असेल, तर मागच्या आसावर ८० नव्हे, १११ किलो पडतात. वरचे ३१ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, आणि चिखलाच्या चढाला स्टिअरिंग हलकं का लागतं ते तेव्हा समजतं. खोक्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसावर किंवा त्याच्या थोडा पुढेच यायला हवा. पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनलगतच्या भिंतीपाशी, तळाला ठेवा.

बसकी गाडी एअरबॅगने उचलणं

मागून गाडी बसली, की कमानपाट्यांमध्ये एअरबॅग बसवून घेण्याचा सल्ला लगेच मिळतो. गाडी उठते, फोटोत छान दिसते, आणि चासी मोडण्याची तयारी सुरू होते. कमानपाटा आपला भार दोन टोकांच्या आयमधून (गोल डोळ्यांमधून), सव्वा मीटरच्या आसपास अंतर ठेवून, चासीला देतो. एअरबॅग तोच भार आसाच्या बरोबर वर, एका जागी देते. मागे जड शेपूट असेल तर प्रत्येक खड्ड्यात चासी त्या बिंदूवर सी-सॉसारखी वाकते. तडा सहसा केबिनच्या मागे किंवा बॅगेच्या ब्रॅकेटच्या कडेला जातो.

उपाय म्हणजे आधी वजन कमी करणं, आणि मग कमानपाटेवाल्याकडून नेमक्या भारासाठी लांब पाटा वाढवून घेणं, जोडीला त्याला साजेसे शॉकॲब्सॉर्बर. जीव्हीडब्ल्यू मात्र पाटे वाढवल्याने वाढत नाही. तो आकडा ब्रेक, आस आणि चासी धरून ठरलेला असतो.

तपासणीची एक सोपी खूण: नव्या गाडीत केबिन आणि हौदा यांमधली फट वरच्या आणि खालच्या टोकाला मोजून लिहून ठेवा. काही हजार किलोमीटरनंतर वरची फट वाढली आणि खालची घटली, तर चासी मागे झुकू लागली आहे. तिथेच थांबा.

पीळ न मानणं

एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात गेलं, की शिडीसारखी चासी पिळते. ती तशीच बनवलेली आहे. तिच्यावर पेटीसारखा ताठ खोका चारी कोपऱ्यांत घट्ट आवळला तर पिळायचं कोणी, असा वाद सुरू होतो आणि बहुतेक वेळा खोक्याचे सांधे हरतात. लक्षणं ओळखीची आहेत: दार कोरड्या हवेतही अडकतं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो, छताचा सीलंट एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा सुटतो. सीलंट बदलून काही होत नाही.

हौदा ठेवून आत काढता येणारा खोका बसवला असेल तर तळाशी रबर मॅट घाला आणि चार टर्नबकल (पिळून आवळायचे दुवे) चासीला जोडलेल्या ब्रॅकेटला बांधा. हौद्याच्या पत्र्याला कधीच नाही, तो फाटतो. पुढच्या दोघांत स्प्रिंग असू द्या. केबिनच्या छतावर येणारा पलंगाचा भाग छतापासून किमान ७५ ते १०० मिलिमीटर वर हवा, कारण केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात. हौदा काढून सबफ्रेमवर (चासीवरच्या वेगळ्या सांगाड्यावर) घर बांधत असाल तर पुढे घट्ट आणि मागे मधोमध फिरता एक आधार, अशी तीन बिंदूंची बांधणी करा, किंवा पुढचे बोल्ट स्प्रिंगवर ठेवा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच.

हौदा कापण्याआधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. काढता येणारा खोका आणि चासीवर कायम बसवलेलं घर यांत कागदोपत्री मोठं अंतर आहे, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नेमका बाहेर येतो. जे विचाराल ते लेखी विचारा.

बारीक वायर, आणि वीज कमी पडल्याची तक्रार

घरातल्या २३० व्होल्टच्या सवयीने १२ व्होल्टची वायर निवडली जाते. अल्टरनेटरपासून (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रापासून) मागच्या बॅटरीपर्यंत एका बाजूचं अंतर ६ मीटर, करंट ३० अँपिअर आणि तांब्याची वायर ६ स्क्वेअर मिलिमीटर असेल, तर जाऊन-येऊन १२ मीटरमध्ये एक व्होल्ट हरवतो. १६ स्क्वेअरमध्ये ०.४, २५ स्क्वेअरमध्ये पाव व्होल्ट. बॅटरी का भरत नाही याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

लिथियम बॅटरी साध्या रिलेने थेट अल्टरनेटरला जोडू नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी, की ती मिळेल तेवढा करंट ओढते. घाटात कमी आरपीएमवर पंख्याची हवा तोकडी पडते आणि अल्टरनेटर जळतो. मध्ये ३० किंवा ४० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे करंटला मर्यादा घालणारा चार्जर, हवाच. बीएस-६ गाड्यांतले स्मार्ट अल्टरनेटर चालत्या गाडीत व्होल्टेज खाली आणतात, तिथेही तोच कामाला येतो. आणि बॅटरी भरायला गाडी तासन्‌तास उभ्या-उभ्या चालू ठेवली तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर, काजळीने भरतो. ते बिल बॅटरीपेक्षा मोठं येतं.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच लावा, उपकरणापाशी नव्हे. लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, हातोडीने ठोकून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिम्पर वापरा. सोल्डर करू नका. जिथे सोल्डर संपतो तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

सोलरमध्ये थंडीचा सापळा आहे. पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज प्रत्येक अंश घसरणीला सुमारे ०.३ टक्के वाढतं. ४९ व्होल्टचे दोन पॅनल सिरीजमध्ये जोडले तर २५ अंशांना ९८ व्होल्ट. उणे १५ ला ११० च्या जवळ. १०० व्होल्टचा चार्ज कंट्रोलर पुण्यात उन्हाळाभर चालतो आणि स्पितीतल्या पहिल्याच सकाळी जातो. तिथे १५० व्होल्टचा घ्या, नाहीतर पॅनल पॅरललमध्ये जोडा.

फ्रिज रात्री बंद पडतो आणि बॅटरी तर भरलेली दिसते? कॉम्प्रेसर चालू असताना मल्टिमीटरने एकदा बॅटरीवर आणि एकदा फ्रिजच्या टोकावर मोजा. फरक ०.४ व्होल्टपेक्षा जास्त आला तर दोष वायरमध्ये किंवा जोडणीत आहे. सिगारेट लायटरचं सॉकेट खडबडीत रस्त्यावर ढिलं होतंच. ते काढून अँडरसन कनेक्टर लावा. लिथियमचं व्होल्टेज बघून चार्ज सांगू नका, मधल्या बहुतेक टप्प्यात ते १३.१ ते १३.३ एवढंच हलतं. शंट (करंट मोजणारी पट्टी) बसवलेला मॉनिटरच खरं सांगतो.

उंची आणि थंडी

लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर सेलमध्ये धातूचा थर बसतो आणि गेलेली क्षमता परत येत नाही. थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) घ्या आणि बॅटरी गाडीखाली नाही, इन्सुलेशनच्या आत ठेवा.

डिझेल हीटर लेहला धूर ओकतो, याचं कारण हवा. ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, पण पंप डिझेल तेवढंच देत राहतो आणि काजळी धरते. हीटरला उंचीचा मोड नसेल तर पंपाची गती सेटिंगमधून कमी करा. रात्रभर मंद चालवल्यास बंद करण्याआधी २० मिनिटं पूर्ण जोरात चालवा. सुरू होतानाच बंद पडत असेल तर पुन्हा वायर तपासा: ग्लो प्लग ८ ते १० अँपिअर ओढतो. मुख्य स्विचने कधीच बंद करू नका. पंख्याला चेंबर थंड करू द्या. ज्वलनाची हवा बाहेरून घ्या आणि धूर बाहेरच सोडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीला लावा, एलपीजीचा जमिनीलगत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. सिलिंडरच्या कप्प्याला राहत्या जागेकडे एकही फट नको आणि तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळायचा थांबतो, त्यामुळे ब्युटेन जास्त असलेला सिलिंडर कडक पहाटे रिकामा वाटतो. तो गरम पाण्याच्या बादलीत ठेवून नाही, कप्पा इन्सुलेट करून सोडवा.

हिवाळ्यात मैदानातलं डिझेल भरून वर चढू नका, ते मेणासारखं होऊन फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. टाकी उतरलेली ठेवून पोहोचा आणि तिथे भरा. डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणारा युरियाचा द्राव, उणे ११ ला गोठतो. गाडीच्या टाकीला हीटर असतो, मागे ठेवलेल्या कॅनला नसतो, म्हणून कॅन काठोकाठ भरू नका.

टायरच्या हवेत मात्र उगाच घोळ घालू नका. वर गेल्यावर बाहेरचा दाब घटतो म्हणून गेज ५ पीएसआय जास्त दाखवतो, आणि ३५ अंशांवरून शून्यावर आल्याने जवळपास तेवढंच कमी होतं. गेज काय म्हणतो तेवढंच पाहा. लोड इंडेक्स मात्र खरेदीच्या वेळीच बघा: ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११५ म्हणजे १२१५, १२१ म्हणजे १४५०.

ओल

दोघांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरच्या वर पाणी हवेत जातं, आणि ते सगळ्यात थंड जागी, म्हणजे लोखंडी पाइपवर जमतं. पाइपांमधल्या पोकळीत फोम भरून पाइप उघडे ठेवले तर इन्सुलेशन अर्धवटच झालं. पाइपांवरूनही नायट्राइल रबराची शीट फिरवा. ग्लासवूल नको, ओली झाली की वाळत नाही. गादीखाली सलग प्लाय नको, फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवा, नाहीतर कोकणात पहिल्याच जुलैत बुरशी लागेल. प्लाय मरीनच, आयएस ७१० चा शिक्का बघून. छताला ॲसिटिक सिलिकॉन लावू नका: ते सुटतं, आणि सुटल्यावर त्या जागी दुसरं काही चिकटत नाही. बुटाइल टेप आणि पॉलियुरेथेन सीलंट वापरा. समुद्रकाठी फिरणार असाल तर स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांमध्ये नायलॉनचा वॉशर घाला.

चिकटवलेले सीपीव्हीसी पाइप थरथरीने सांध्यात तडकतात, लवचिक पाइप घ्या. ८० लिटरची एक टाकी घाटात पाणी हिंदकळवते. ४० च्या दोन घ्या आणि एक संपवूनच दुसरी उघडा. नळ बंद असताना पंप मध्येच टक-टक करत असेल तर कुठेतरी थेंब गळतोय. गोठण्याच्या रात्री नळ उघडे ठेवून पाइप रिकामे करा, सगळ्यात आधी फुटते ती पंपाच्या फिल्टरची वाटी.

गाडी रुतली तर दोर टो-बॉलला अडकवू नका. तो ट्रेलरच्या भारासाठी असतो, आणि ३ टनांच्या झटक्याने तुटलेला गोळा समोरच्या गाडीची काच फोडून आत जातो. चासीला बोल्टने धरलेला रिकव्हरी पॉइंट पुढे आणि मागे दोन्हीकडे असावा, आणि मागचा पॉइंट खोक्याच्या पायरीआड लपणार नाही हे पायरी वेल्ड करण्याआधी बघा.