धनशक्ती बाजरी पेरणार असाल तर बियाणं घरचं कसं ठेवायचं तेही बघा

मृग लागला की आपण दुकानदार देईल ती बाजरीची पिशवी उचलतो आणि मोकळे होतो. यंदा पेरणीआधी एवढंच ठरवा, बाजरी विकायला हवीय का घरात खायला, कारण वाण त्यावरनंच ठरतो.

विकायचीच असेल तर सरळ हायब्रीड घ्या, व्यापारी काय लोह मोजून भाव देत नाही. पण भाकरीसाठी एखादा एकर असेल तर दाण्यात लोह जास्त असलेली धनशक्ती लावा. राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था यांनी मिळून काढलेला वाण, २०१२ ला आला. बीटी कपाशीसारखं बाहेरचं जीन घातलेलं यात काही नाही बरं का. आयसीटीपी ८२०३ म्हणून वाण आपल्याकडं १९८८ पासून आहे, मूळ आफ्रिकेतल्या टोगोतल्या गावरान बाजरीचं, त्यातच काही झाडांच्या दाण्यात लोह जास्त निघालं, मग तेवढ्याच ओळी निवडून परत आपापसात मिसळल्या, झाला धनशक्ती. किलोला साधारण ७१ मिलिग्रॅम लोह आहे, आणि २०१८ पासून बाजरीचा नवीन वाण मंजूर व्हायला किमान ४२ मिलिग्रॅम लागतं, त्यावरनं अंदाज घ्या. दाणा टपोरा, ७५ ते ८० दिवसात काढणीला येतो.

दुसरा फायदा म्हणजे हा सुधारित वाण आहे, संकरित नाही, बियाणं घरचं धरता येतं. हायब्रीडचं धरलं तर पुढच्या वर्षी एक झाड उंच एक बुटकं, उत्पन्नही पडतं. पण इथंच बरेच जण फसतात. बाजरीत कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर येतो, पराग नंतर, त्यामुळं शेजारच्या बाजरीचा पराग वाऱ्यानं येऊन बसतोच. बांधाला लागून दुसरी बाजरी असेल तर ते बी धरू नका, २०० मीटर तरी अंतर पाहिजे. फुलोऱ्याच्या आधीच वेगळी दिसणारी झाडं उपटा, नंतर उपटून उपयोग नाही. आणि दहा-बारा मोठी कणसं बघून तेवढीच घरी आणायची ही सवय सोडा, बी फार थोड्या झाडांचं झालं की वाण दोन-तीन वर्षात खंगतो. वावराच्या मधल्या भागातली निरोगी झाडांची दोन-तीनशे कणसं तरी घ्या, आणि तीन वर्षांनी विद्यापीठाचं ताजं बी आणा.

पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून बी त्यात टाका, तरंगेल ते काढून जाळा (अरगट या बुरशी रोगाचे दाणे त्यातच असतात), तळाचं दोनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. मग गोसावी रोगासाठी मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हे बुरशीनाशक, किलोला ६ ग्रॅम चोळा. एकरी दीड किलो बी पुरतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई नको, आणि १५ जुलैच्या पुढं जाऊ नका. दोन ओळीत ४५ सेंटिमीटर, दोन झाडात १५, दहा दिवसांनी पहिली विरळणी, विसाव्या दिवशी दुसरी. अर्धं नत्र पेरताना द्या, राहिलेलं महिन्याच्या आसपास वावरात ओल असेल तेव्हाच, कोरड्यात युरिया फेकला तर पैसे वाऱ्यावर.