जुन्या अर्धस्वयंचलित लष्करी रायफलीसाठी काडतूस निवडताना

काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत) नीट बसले म्हणजे ते त्या रायफलीला चालेल, हा समज जुन्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या बाबतीत धोक्याचा आहे. या रायफलींमध्ये गोळीमागच्या वायूचा काही भाग नळीतील बारीक छिद्रातून बाहेर येतो आणि बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे ढकलतो. म्हणून चेंबरमधील दाबाइतकाच त्या छिद्रापाशी उरलेला दाबही महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकी सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारलेल्या एम१ गॅरंडचे उदाहरण घ्यावे. तिचे छिद्र नळीच्या टोकाजवळ आहे आणि वायूचा धक्का लांब, वाकड्या ऑपरेटिंग रॉडमार्फत बोल्टपर्यंत पोहोचतो. तिच्यासाठीचे एम२ बॉल काडतूस सुमारे १५० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे बारीक एकक) गोळीचे आणि मध्यम गतीने जळणाऱ्या दारूचे होते. त्याच .३०-०६ मापाच्या शिकारी काडतुसात १८० ग्रेनहून जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू असेल, तर चेंबरमधील दाब मर्यादेत असूनही छिद्रापाशी तो जास्त उरतो आणि रॉड वाकू शकतो. त्यामुळे खोक्यावर ‘गॅरंडसाठी’ असा स्पष्ट उल्लेख असलेलीच काडतुसे घ्यावीत. वायू कमी-जास्त करता येणारा गॅस प्लग उपयोगी आहे, पण तो बसवला म्हणून कोणतेही काडतूस चालते असे मुळीच नाही.

दुसरी काळजी प्रायमरची, म्हणजे काडतुसाच्या बुडातील ठिणगी देणाऱ्या टोपीची. गॅरंडमध्ये आणि बहुतेक एसकेएस या सोव्हिएत बनावटीच्या रायफलींमध्ये फायरिंग पिनला (प्रायमरवर आपटणाऱ्या सुईला) मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते, त्यामुळे बोल्ट बंद होताना पिन प्रायमरला हलका स्पर्श करते. प्रायमर नरम किंवा बुडापेक्षा किंचित वर आलेला असेल, तर ट्रिगर न दाबताच, कधी बोल्ट जागी पक्का बसण्याआधीच, बार उडू शकतो. पिन जुन्या घट्ट ग्रीसमध्ये चिकटली असल्यास हा धोका आणखी वाढतो, म्हणून पहिल्या गोळीआधी बोल्ट उघडून स्वच्छ करावा आणि हेडस्पेस (बंद बोल्टचा पुढचा भाग आणि चेंबरमध्ये काडतूस टेकते ती जागा यांमधले अंतर) जाणकार कारागिराकडून मोजून घ्यावा.

जुन्या लष्करी साठ्यातील अनेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. गोळी झाडल्यावर त्याचा उरणारा क्षार हवेतील ओलावा ओढून गंज आणतो आणि तेलात विरघळत नाही. नळी व गॅस सिलिंडर त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून मगच तेल लावावे. हिरवट डाग पडलेली, पोचे आलेली किंवा कोणी भरली हे ठाऊक नसलेली काडतुसे वापरूच नयेत.

नेमबाजी करताना रिकाम्या पुंगळ्या नेहमीपेक्षा फार दूर फेकल्या जाऊ लागल्या किंवा त्यांच्या कडा फाटू लागल्या, तर तिथेच थांबून रायफल तपासून घ्यावी.