स्टार्टर नसलेली जुनी चेनसॉ विकत घेताना या चुका टाळा

कोकणात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेच्या वेळी आंबा, फणस, नारळ आणि सुपारीची झाडे आडवी झाली, तेव्हा काही बागायतदारांनी पेट्रोलवर चालणारी चेनसॉ प्रथमच घरात आणली. झाडे कापून झाली आणि मशीन पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली गेले. अशी मशीने पुढे वापरलेली म्हणून विकायला निघतात आणि त्यांतल्या काहींना स्टार्टरच नसतो. विकणारा म्हणतो, "बाकी सगळे ठीक आहे, फक्त रस्सीचा सेट तेवढा टाकून घ्या." हे म्हणणे खरे असू शकते. मात्र ते खरे आहे की नाही हे पाहण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे रस्सी ओढून मशीन चालू करणे, आणि नेमकी तीच आपल्या हाती उरलेली नसते. त्यामुळे स्टार्टर नसलेले मशीन "एक भाग कमी असलेले चालू मशीन" म्हणून नव्हे, तर "ज्याच्या इंजिनाची अवस्था ठाऊक नाही असे मशीन" म्हणून तपासावे आणि त्याच हिशेबाने त्याची किंमत करावी.

स्टार्टर गेला कुठे, हे न विचारणे

झाकण, कप्पी, स्प्रिंग, रस्सी आणि मूठ मिळून होणारा स्टार्टरचा सेट हा चेनसॉच्या स्वस्त सुट्या भागांपैकी एक आहे. चिनी बनावटीच्या ५२ आणि ५८ सीसी मशीनचा सेट तर शेती अवजारांच्या दुकानात सहज मिळतो. असे असताना थोडेसे पैसे घालून, मशीन चालवून दाखवून चांगली किंमत घेण्याऐवजी मालकाने ते तसेच का विकायला काढले, हा पहिला प्रश्न आहे. झाकण फुटले आणि नवे आणण्याचा कंटाळा आला, हे एक प्रामाणिक उत्तर असू शकते. दुसरी शक्यता अशी की इंजिन आधीच पकडले होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला होता, म्हणून त्याचा चांगला स्टार्टर काढून दुसऱ्या मशीनला लावला गेला. या दुसऱ्या प्रकारात बहुधा आणखीही काही काढलेले असते. एअर फिल्टर, कार्बोरेटरचे स्क्रू, ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर, सायलेन्सरचा एखादा बोल्ट यांपैकी काय काय जागेवर नाही, ते आधी मोजावे. स्टार्टरखेरीज तीन-चार वस्तू गायब असतील, तर ते मशीन सुट्या भागांसाठी वापरले गेले आहे असे समजावे.

येथे एक अडचण लक्षात येत नाही. अनेक मॉडेलचे नाव स्टार्टरच्या झाकणावरच छापलेले असते, त्यामुळे झाकणासोबत मशीनची ओळखही गेलेली असते, आणि विकणारा सांगेल ते मॉडेल आपण खरे मानतो. स्टीलच्या, म्हणजे त्या नावाच्या जर्मन कंपनीच्या, मशीनवर प्लास्टिकच्या भागांवर ओतलेल्या क्रमांकाचे पहिले चार आकडे उपयोगी पडतात: ११३० ही १७० आणि १८० ची मालिका, ११२३ ही २१०, २३० आणि २५० ची, तर ११२७ ही २९०, ३१० आणि ३९० ची. चिनी मशीनच्या बाबतीत बाहेरून सारखेच दिसणारे दोन प्रकारचे स्टार्टर असतात आणि फ्लायव्हील या इंजिनाच्या टोकाच्या चाकावरची, रस्सी ओढताना स्टार्टरला धरणारी त्यांची पकड वेगळी असते. म्हणून फ्लायव्हीलचा आणि त्यावरच्या पकडींचा फोटो काढून तो दुकानदाराला दाखवावा, नुसते "५८ सीसीचा द्या" असे सांगू नये.

फ्लायव्हील हाताने फिरवून लगेच निष्कर्ष काढणे

स्टार्टर नसल्यामुळे फ्लायव्हील, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास मॅग्नेट म्हणतात, उघडेच असते आणि ते हाताने फिरवता येते. प्लगची टोपी आधी काढावी, मगच हात घालावा. प्लग बसवलेला असताना फ्लायव्हील सावकाश फिरवले, तर एका जागी स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे आणि सोडल्यावर ते थोडे मागे उसळले पाहिजे. प्लग काढल्यावर तेच चाक कोठेही न अडखळता, खरखर न करता फिरले पाहिजे. विरोध अजिबात नसेल, तर पिस्टनच्या रिंग चिकटलेल्या आहेत किंवा पिस्टन व सिलिंडर खराब आहेत. प्लग काढूनही खरखर असेल, तर बेअरिंग गेले आहे. चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून पाहावे. त्या दिशेने जराही खेळ जाणवता कामा नये.

चाक फिरतच नसेल तर एक ठरावीक उत्तर मिळते: "चेनचा ब्रेक लागलेला आहे." मी स्वतः एकदा या उत्तरावर विश्वास ठेवून मशीन घरी आणले आणि सायलेन्सर उघडल्यावर आत घट्ट पकडलेला पिस्टन पाहिला. चेनसॉचा क्लच वेगावर उघडणारा असतो. इंजिन बंद असताना क्लचचे बूट ड्रमला टेकलेले नसतात, त्यामुळे ब्रेक लागलेला असला तरी फ्लायव्हील मोकळेपणाने फिरलेच पाहिजे. क्लचची स्प्रिंग तुटून बूट ड्रममध्ये अडकला असेल तर गोष्ट वेगळी, पण तोही दुरुस्तीचाच खर्च आहे.

प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून "बघा, कसा फेकतो" असे दाखवण्याचीही पद्धत आहे. हाताच्या वेगाने अंगठा तर थकलेले इंजिनही फेकते. त्यावरून इंजिन मृत नाही एवढेच कळते.

सायलेन्सर न उघडणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण स्टार्टर नसतानाही इंजिनाच्या आत डोळ्यांनी पाहण्याची सोय याच वाटेने आहे आणि तिला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. सायलेन्सर दोन किंवा तीन बोल्टांवर असतो. मशीननुसार चार किंवा पाच मिमीची एल-की किंवा टी-२७ क्रमांकाचा ताऱ्याच्या आकाराचा पाना लागतो. सायलेन्सर काढल्यावर धूर बाहेर जाण्याचे तोंड दिसते. फ्लायव्हील हळूहळू फिरवत बॅटरीच्या उजेडात त्या तोंडातून पिस्टनची बाजू पाहावी. निरोगी पिस्टनवर यंत्रावर कातताना पडलेल्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात आणि पृष्ठभाग एकसारखा असतो. उभ्या ओरखड्यांचे पट्टे, घासून चकचकीत झालेली जागा किंवा वितळून फासल्यासारखे अल्युमिनियम दिसले, तर पिस्टन एकदा तरी पकडलेला आहे. नख फिरवल्यावर अडकेल इतका खोल ओरखडा असेल, तर चर्चा थांबवावी.

ओरखडे कोणत्या बाजूला आहेत, यावरूनही बरेच कळते. फक्त धुराच्या तोंडाकडची बाजू जळालेली असेल, तर बहुधा पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल न घालता किंवा फार कमी घालून मशीन चालवले गेले, नाही तर कोठून तरी जास्तीची हवा जाऊन मिश्रण पातळ झाले. कार्बोरेटरकडची बाजू घासलेली असेल, तर फिल्टर फाटलेला किंवा बसवलेलाच नव्हता आणि भुसा-धूळ सरळ आत गेली. पहिल्या प्रकारात नवा पिस्टन टाकून काम भागत नाही, कारण हवा जिथून शिरत होती ती जागा तशीच राहिली तर नवा पिस्टनही पकडतो.

रिंग दिसेल अशा जागी पिस्टन आणून आगकाडीने ती हलकेच दाबावी; दबून परत वर आली पाहिजे. कार्बनमध्ये रुतून बसलेली रिंग हलत नाही. मालक सायलेन्सर उघडू देत नसेल, तर त्यातूनही बरेच काही समजते.

कॉम्प्रेशनच्या आकड्यावर आंधळा विश्वास

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजणारे गेज असेल तर उत्तमच. ढोबळपणे १५० पीएसआयच्या आसपासचा आकडा समाधानकारक, १२० च्या खाली शंका आणि १०० च्या खाली मोठा खर्च, असा हिशेब धरता येतो. पण हे आकडे स्टार्टरने वेगात पाच-सहा वेळा ओढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मिळालेले असतात. हाताने चाक ढकलून ते कधीच येत नाहीत, म्हणून तसा कमी आकडा आला तरी मशीन नाकारू नये. मोटारसायकलच्या लांब नळीच्या गेजमध्येही लहान इंजिनाचा आकडा कमी दिसतो.

यावर तोडगा म्हणून काही जण ड्रिल मशीनला सॉकेट लावून फ्लायव्हीलच्या नटावर चढवतात. येथे दिशेकडे लक्ष हवे. फ्लायव्हीलच्या बाजूने पाहिले तर चेनसॉचे इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, आणि नटाचे आटे नेहमीचे असतात. म्हणजे इंजिनाच्या चालीने ड्रिल फिरवले तर नट सुटतो. घड्याळाच्या दिशेने फिरवले तर नट आवळला जातो आणि इंजिन उलटे फिरते. टू-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशन उलट्या फिरण्यातही तेवढेच तयार होते, त्यामुळे गेजचा आकडा उपयोगी ठरतो. मात्र ठिणगीची परीक्षा अशी उलटी घेऊ नये. ड्रिल सावकाश आणि थोडाच वेळ चालवावे, स्विच बंद ठेवावा, टाकीत पेट्रोल असू नये, आणि या रीतीने मशीन चालू करण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये: इंजिनाने पेट घेताच सॉकेट व ड्रिल हातातून उडते. फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून ओढणाऱ्यांची बोटे आणि फ्लायव्हीलचे पंखे दोन्ही धोक्यात असतात.

आकडा चांगला आला तरी प्लगच्या भोकात एकदा पाहावे. आत ऑइल ओतले की रिंगच्या फटी काही वेळ बुजतात आणि थकलेले इंजिनही दमदार भासते. प्लग ओला व तेलकट असेल, तर आतले ऑइल निघू द्यावे आणि पुन्हा मोजावे.

ठिणगी दिसली नाही म्हणून कॉइल गेली असे मानणे

हाताने चाक फिरवल्यावर ठिणगी न दिसणे स्वाभाविक आहे, कारण कॉइलला चुंबक वेगाने समोरून जावा लागतो. त्यामुळे कॉइल चांगली आहे असेही म्हणता येत नाही आणि वाईट आहे असेही नाही. किंमत ठरवताना ती खर्चाच्या बाजूला धरावी. त्याऐवजी फ्लायव्हीलच नीट पाहावे. झाकण नसलेले मशीन घरात इकडून तिकडे सरकवताना त्याचे पंखे तुटतात, चुंबकावर गंज चढतो, आणि ज्या मशीनमध्ये स्टार्टरला पकडणाऱ्या पकडी फ्लायव्हीलवर असतात, तिथे त्या किंवा त्यांच्या बारीक स्प्रिंगा हरवतात. अशा मशीनमध्ये या पकडी नसतील तर नवा स्टार्टर बसवूनही रस्सी नुसती मोकळी येईल. झाकणाच्या चार स्क्रूंची भोकेही पाहावीत; त्यांचे आटे गेलेले असतील तर नवे झाकण थरथरत राहील.

झाकणाशिवाय चालवून पाहण्याचा मोह

एखादा मेकॅनिक कशीबशी युक्ती करून मशीन चालू करून दाखवतो. झाकण हे केवळ रस्सीचे घर नाही. फ्लायव्हीलच्या पंख्यांची हवा सिलिंडरकडे वळवण्याचे कामही तेच करते. ते नसताना इंजिन लवकर तापते, आणि आपण चांगले इंजिन तपासता तपासता खराब करू शकतो. खात्रीचा उपाय एकच आहे: त्याच मॉडेलचा स्टार्टर ओळखीच्या मेकॅनिककडून तासाभरासाठी मागून आणावा आणि चार स्क्रूंवर बसवून मशीन रीतसर चालवावे. तसे जमले तर चेन न फिरता इंजिन मंद चालले पाहिजे, आणि थ्रॉटल सोडताच वेग लगेच उतरला पाहिजे. वेग वर अडकून राहत असेल किंवा मशीन आडवे-तिडवे धरल्यावर बदलत असेल, तर सील किंवा कार्बोरेटरच्या रबरातून हवा शिरत आहे. गरम झाल्यावर बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू होते का, हेही पाहावे. थकलेली बरीच इंजिने नेमकी येथेच अडतात. बारचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या पट्टीचे, टोक कोरड्या लाकडाजवळ धरून वेग वाढवला की त्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

बार, चेन आणि चेन फिरवणारा स्प्रॉकेट यांची झीज बाहेरून दिसते, तेव्हा त्यावर फार वेळ घालवू नये. स्प्रॉकेटवर अर्धा मिमीपेक्षा खोल खाच असेल तर तो बदलण्याचा आहे, इतके पुरे.

किंमत ठरवताना स्टार्टर, पकडी, इंधनाची नळी, फिल्टर आणि कार्बोरेटरच्या पडद्यांचा संच एवढा खर्च नक्कीच धरावा, कारण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने राहिले की नळी चिरते आणि पडदे कडक होतात. पिस्टन डोळ्यांनी पाहता आला नसेल, तर पिस्टन-सिलिंडरचा संचही त्यातच धरावा आणि त्यानंतर जी रक्कम उरेल तेवढीच सांगावी. मशीन घरी आणल्यावर टाकीत उरलेले जुने मिश्रण ओतून द्यावे, कितीही ताजे असल्याचे सांगितले तरी. नवे मिश्रण करताना मशीनच्या पुस्तिकेतले प्रमाण पाहावे: पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिली ऑइल, आणि बऱ्याच चिनी मशीनप्रमाणे पंचवीसास एक असेल तर ४० मिली.