टर्मिनलमधून फायली हलवायच्या किंवा उडवायच्या आधीची तयारी

मोठ्या फोल्डरची साफसफाई करायची असो किंवा वर्षानुवर्षं साठलेल्या फायली एका डिस्कवरून दुसरीकडे न्यायच्या असोत, टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाईप करून काम सांगायच्या खिडकीतून करणार असाल तर कमांडआधी तयारी हवी, कारण इथे रिसायकल बिन नाही. आरएम या डिलीट करायच्या कमांडने उडवलेली फाईल कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसत नाही, ती गेलीच. आणि सीपी (कॉपी करणारी), एमव्ही (हलवणारी) या कमांडना त्याच नावाची जुनी फाईल समोर दिसली तर ते बहुतेक वेळा काही न विचारता तिच्या जागी नवी ठेवून मोकळे होतात. मी हे काम रोज करते आणि खाली लिहिलंय त्याच क्रमाने करते.

आधी बॅकअप, तो पण दुसऱ्या डिस्कवर, आणि झाला म्हणून सोडून न देता त्यातल्या दोनचार फायली उघडून बघायच्या. मग ती डिस्क अनमाउंट करून, म्हणजे सिस्टीमपासून सोडवून बाजूला काढून ठेवायची, कारण जोडलेली डिस्क चुकीच्या कमांडच्या तावडीत आपल्या मूळ फोल्डरइतकीच सहज सापडते.

मग आपण कुठे उभे आहोत ते बघायचं. पीडब्ल्यूडी ही कमांड टाकायची, फोल्डरचा पूर्ण पाथ, म्हणजे पत्ता, वाचायचा, म्हणजे खरंच वाचायचा. सर्व्हरवर काम असेल तर होस्टनेम पण टाका, ते मशीनचं नाव सांगतं, दोन टर्मिनल शेजारीशेजारी उघडे असले की दोन्ही सारखेच दिसतात आणि आपल्या लॅपटॉपवर चालवायची कमांड भलत्याच मशीनवर जाते. काम तासभर चालणार असेल तर टीमक्स किंवा स्क्रीन या प्रोग्राममध्ये सुरू करा म्हणजे मधेच नेट गेलं तरी ते चालू राहतं.

जागा मोजून घ्या. जे हलवायचंय त्याच्यावर डीयू मायनस एसएच (किती जागा व्यापलीय), जिथे न्यायचंय तिथे डीएफ मायनस एच (किती शिल्लक आहे). मायनस म्हणजे हायफन, त्याला चिकटून येतो तो कमांडचा ऑप्शन. एकाच फाइलसिस्टीमच्या आत एमव्ही केलं तर डेटा जागचा हलत नाही, फक्त नाव बदलतं, म्हणून शंभर जीबीचा फोल्डर पण क्षणात जातो. पण दुसऱ्या डिस्कवर नेताना तेच एमव्ही आधी कॉपी करतं आणि नंतर मूळ फायली काढतं, त्यामुळे मधेच जागा संपली किंवा वायर निघाली तर काही इकडे काही तिकडे असा घोळ होतो. म्हणून दुसऱ्या डिस्कवर मी एमव्ही कधीच वापरत नाही, आधी कॉपी, मग तपासणी, मग डिलीट. बारीक बारीक फायली लाखोंनी असतील तर डीएफ मायनस आय पण बघा, जागा शिल्लक असूनही आयनोड, म्हणजे प्रत्येक फाईलमागे लागणाऱ्या नोंदी, संपू शकतात.

लपलेल्या फायली विसरू नका. डॉटने सुरू होणारी नावं साध्या एलएसमध्ये, म्हणजे फायलींची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये, दिसत नाहीत, आणि बॅश या शेलमध्ये (शेल म्हणजे आपण टाईप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) नुसता स्टार, म्हणजे 'कुठलंही नाव' सांगणारं चिन्ह, त्यांना धरत नाही, म्हणून सगळं कॉपी केलं असं वाटतं आणि कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटचा पूर्ण इतिहास मागेच राहतो. एलएस मायनस ए करून एकदा बघायचंच.

नावांवर जरा जास्त वेळ द्या, अर्धे घोटाळे तिथेच होतात. स्पेस असलेलं नाव कोट्समध्ये घाला, नाहीतर शेलला ते एक नाव नाही तर दोन नावं वाटतात. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या लिनक्स प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका पाथमध्ये यूएसआर या शब्दानंतर एक स्पेस चुकून पडली होती, आणि त्या एका स्पेसमुळे आरएम मायनस आरएफला (न विचारता फोल्डर आतल्या सगळ्यासकट उडवणारी कमांड) सिस्टीमचे प्रोग्राम असलेला आख्खा यूएसआर फोल्डर मिळाला. हायफनने सुरू होणारी फाईल असेल तर कमांडला तो ऑप्शन वाटतो, तेव्हा नावाआधी डॉट स्लॅश लावा. लिनक्समध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांनी दोन वेगळ्या फायली होतात, विंडोज आणि मॅकवर सहसा होत नाहीत, त्यामुळे तिकडे नेताना एक फाईल दुसरीवर बसू शकते. आणि मराठी नावांची एक खास अडचण आहे, लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमवर नावाची मर्यादा २५५ बाइट्स आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, काना, मात्रा, हलंत सगळे वेगवेगळे मोजले जातात, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर बिनतक्रार चाललेलं लांबलचक मराठी नाव इथे कॉपी करताना अडतं ते यामुळे. अशी नावं आधीच शोधून लहान करून घ्या.

आता रंगीत तालीम, माझ्या मते यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम. स्टारचा अर्थ आरएम लावत नाही, शेल लावतं, आणि आरएमच्या हातात तयार नावांची यादी पडते. तर ती यादी आपण आधी बघायची. समजा टीएमपी एक्स्टेंशनच्या फायली काढायच्यात, तर आधी एलएस मायनस डी (डीमुळे फोल्डरचं नुसतं नाव दिसतं, आतलं नाही), पुढे स्टार डॉट टीएमपी, एंटर, यादी नजरेखालून घालायची, मग वरचा ॲरो दाबून तीच ओळ परत आणायची आणि एलएस मायनस डी खोडून तिथे आरएम लिहायचं, पुढच्या भागाला हात लावायचा नाही. नव्याने टाईप केलं की स्टार आणि डॉटच्या मधे स्पेस पडू शकते, मग शेल त्या स्टारच्या जागी फोल्डरमधल्या सगळ्या फायली देतं, आरएम त्या उडवतं आणि वर डॉट टीएमपी नावाची फाईल सापडली नाही असं सांगतं. लांब कमांड लिहिताना मी ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकून ठेवते, चुकून एंटर दाबलं गेलं तरी बॅश ती ओळ कॉमेंट समजून सोडून देतं. फायली शोधणारी फाइंड कमांड वापरत असाल तर आधी मायनस प्रिंट (सापडलेली नावं फक्त दाखवतं), आणि नंतर मायनस डिलीट लिहिताना ते सगळ्यात शेवटी, कारण फाइंड अटी डावीकडून उजवीकडे बघतं आणि डिलीट आधी आलं तर नावाची अट तपासायच्या आधीच सगळं गेलेलं असतं.

जिथे न्यायचंय तो फोल्डर आधी बनवा आणि नावाच्या शेवटी स्लॅश द्या. हे मी माझ्या हातून झालेल्या नुकसानावरून सांगतेय. मुलाखतींच्या चाळीस रेकॉर्डिंग होत्या, त्या मी लूप लावून, म्हणजे तीच कमांड प्रत्येक फाईलवर आपोआप चालवून, एकेक करून ऑडिओ नावाच्या फोल्डरमध्ये एमव्ही केल्या, पण तो फोल्डर बनवायचाच राहिला होता. पहिल्या फाईलचं नाव ऑडिओ झालं, दुसरी तिच्यावर बसली, तिसरी दुसरीवर, आणि शेवटी ऑडिओ नावाची एकच फाईल उरली, चाळिसावी. एकही एरर आला नाही. काही रेकॉर्डिंग लोकांकडून परत मागून मिळाल्या, बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. शेवटी स्लॅश असता तर असा फोल्डर नाही म्हणून एमव्ही पहिल्याच फाईलला थांबलं असतं. तेव्हापासून एमकेडीआयआर (फोल्डर बनवायची कमांड) आधी, स्लॅश नेहमी, आणि एमव्हीला मायनस आय, म्हणजे जुनी फाईल समोर आली तर ते विचारतं. लिनक्समधल्या आरएमला कॅपिटल आय दिला तर तीनपेक्षा जास्त फायली असतील तेव्हा ते एकदाच विचारतं, प्रत्येक फाईलला विचारून जीव नको करत नाही.

मोठ्या कॉपीला आरसिंक हा कॉपी करायचा प्रोग्राम घ्या, मायनस एव्ही सोबत एन पण लावा, मग ते काय काय करेल ते फक्त सांगतं, करत काही नाही. त्यात स्लॅश उलट्या बाजूला महत्त्वाचा, मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी असेल तर आतलं सामान जातं, नसेल तर फोल्डरसकट जातं. डिलीटचा ऑप्शन (मूळ जागी नसलेल्या फायली दुसरीकडूनही काढणारा) लावणार असाल तर मूळ डिस्क खरंच माउंट, म्हणजे सिस्टीमला जोडलेली, आहे ना ते बघा, नसेल तर आरसिंकला तिथे रिकामा फोल्डर दिसतो आणि ते दुसरी बाजू पण इमानदारीत रिकामी करतं.

परमिशन नाही असा एरर आला की लगेच सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावू नका, आधी एलएस मायनस एल करून मालक कोण ते बघा. फाईल डिलीट होणार की नाही हे त्या फाईलच्या नाही तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परमिशनवर ठरतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

कॉपी झाली की दोन्हीकडे फाइंड मायनस टाइप एफ करून (फक्त फायलींची यादी) डब्ल्यूसी मायनस एलने, म्हणजे त्या ओळी मोजून, आकडे जुळवा. जे परत मिळणारच नाही अशा फायलींचे शा-२५६ चेकसम, म्हणजे फाईलच्या मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा, पण काढा, मूळ जागी काढलेली यादी नवीन जागी मायनस सीने तपासली की प्रत्येक नावापुढे ओके येतं. मूळ फोल्डर त्याच दिवशी उडवू नका, त्याच्या नावापुढे जुनं असं जोडून आठवडाभर राहू द्या, तेवढ्यात काही राहिलं असेल तर कोणी ना कोणी शोधत येतंच. नंतर उडवताना आतून रिकामे होत गेलेले फोल्डर आरएमडीआयआरने काढा, ते फक्त रिकामाच फोल्डर काढतं, त्यामुळे आत कुठे एखादी डॉटवाली फाईल उरली असेल तर ते तिथेच अडतं आणि तुम्हाला ती दिसते.